जिनसेंग घ्यायचं तर चिनी का अमेरिकन?

जिनसेंग म्हणजे औषधी मूळ. दोन्ही एकाच घराण्यातले, पॅनॅक्स नावाच्या वनस्पती-गटातले, पण चिनी वैद्यकात कामं पार वेगळी. चिनी म्हणजे रेनशेन, अर्थ 'माणूस-मूळ', कारण मुळाला हातपाय फुटल्यासारखे दिसतात. हा जिलिन प्रांतातल्या चांगबाई डोंगरांकडचा, कोरियातही होतो, आणि गुणाने उष्ण धरतात. त्यातही वाफवून वाळवला की लाल होतो आणि अजून उष्ण मानतात. आजारपणानंतर गळून गेलेल्या, हातपाय गार पडणाऱ्या माणसाला हा देतात.

अमेरिकन जिनसेंग मात्र थंड. घसा कोरडा, अंगात कडकी, झोप नाही, अशांना हा. (आपल्याकडे आजी आंबा उष्ण, सब्जा थंड म्हणते ना, तसाच हिशोब.) आणि गंमत बघा, हा चिनी औषधात आला बाहेरून! 1716 मध्ये लाफितो नावाच्या फ्रेंच पाद्र्याला मॉन्ट्रियलजवळ सापडला, मग कॅनडातून चीनला माल जायला लागला, आणि 1784 ला अमेरिकेचं पहिलं व्यापारी जहाज चीनमधल्या कँटन बंदराला गेलं त्यातही मुख्य माल हाच होता. आज विस्कॉन्सिनमध्ये याची शेती आहे, सावलीसाठी वर मांडव घालून, आणि मूळ तयार व्हायला तीन-चार वर्षं तरी जातात, म्हणून भाव चढे.

मला विचाराल तर आधीच बीपी जास्त आणि झोपेची बोंब असेल तर लाल जिनसेंगच्या वाटेला जाऊ नका, आणि रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दोन्हीपैकी एकही नको.