फोटो आणि कागदपत्रं: हार्ड डिस्कवर की क्लाऊडवर?

22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही आधी तांदूळ आणि गॅसचं सिलिंडर माळ्यावर चढवलं. हार्ड डिस्क राहिली कपाटाच्या खालच्या खणात, लग्नाच्या अल्बमशेजारी. पाणी ओसरल्यावर खण उघडला, तर अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली आणि डिस्कच्या केबलच्या खाचेत गाळ बसलेला. आईचे फोटो वाचले ते बहिणीच्या फोनवरून आपोआप क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, गेले होते तेवढेच.

त्यामुळे माझा कौल क्लाऊडला आहे. घरावर संकट आलं तरी फाइल्स घरात नसतात, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉगिन केलं की झालं.

खर्चात मात्र डिस्क सरस. एकदा घेतली की संपलं. गूगल 15 जीबी फुकट देतं, पण ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. जून 2021पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. अ‍ॅपलच्या आयक्लाऊडवर फुकट 5 जीबीच. पुढे भाडं सुरू, आणि ते थकवून चालत नाही. वेगातही डिस्कच पुढे: 20 एमबीपीएस अपलोड असेल तर 100 जीबी चढवायला अकरा तास तरी जातात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने डिस्कच घ्यावी.

एक गोष्ट नीट समजून घ्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो त्याच अ‍ॅपमधून डिलीट केला, तर तो फोनमधून आणि क्लाऊडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस मिळतो, मग नाही. आणि पासवर्ड फुटला तर सगळं कपाटच उघडं, म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, आजच चालू करा.

सरकारी कागदांसाठी डिजिलॉकर हे सरकारचं अ‍ॅप वापरा. सरकारी खात्याने तिथे थेट दिलेलं लायसन्स कायद्याने मूळ प्रतीसारखंच चालतं. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो मान नाही.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर क्लाऊडवर घाला. दोन्ही जमत असेल तर डिस्क दुसऱ्या गावात ठेवा. आमची नवी डिस्क पुण्याला बहिणीकडे असते. गणपतीला येताना ती घेऊन येते, वर्षभराचे फोटो भरून परत नेते.