तांबी बसवून १४ महिने: गोळ्या का सोडल्या आणि पुढे काय झालं

तांबी (कॉपर-टी, गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवायच्या आधी सहा वर्षं मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. पाळी ठरल्या दिवशी यायची, पोट कमी दुखायचं, म्हणून दुसरा विचार कधी केलाच नाही. पहिल्यांदा गोळ्या लिहून दिल्या तेव्हा माझं ब्लडप्रेशरही कुणी मोजलं नव्हतं. पुढे मीच जुनी चिठ्ठी दाखवून पाकिटं आणत राहिले.

मला अर्धशिशीचा त्रास आहे. त्यासाठी फॅमिली डॉक्टरांकडे गेले, तर बाईंनी डोकं किती दुखतं यापेक्षा दुखायच्या आधी काय होतं ते खोदून विचारलं. मी म्हटलं, डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा नाचतात, वीसेक मिनिटांनी जातात, मग ठणका सुरू होतो. त्यांनी लिहिणं थांबवलं. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

अशा रेघा दिसण्याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि माझ्यासारख्या इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत बाईची तब्येत आणि साधन यांची जोडी १ ते ४ अशा गटांत बसवलेली असते. १ म्हणजे खुशाल वापरा, ४ म्हणजे वापरूच नका. मी सहा वर्षं चौथ्या गटात होते. एकेका बाईपुरता हा धोका लहानच असतो, हे बाईंनी नीट समजावलं. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, ब्लडप्रेशर वाढलेल्या किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या बायकांनाही या गोळ्या सहसा देत नाहीत. तुम्ही गोळ्या घेत असाल आणि यातलं काही तुमच्या बाबतीत असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा. ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, निर्णय होईपर्यंत कंडोम. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय बरेच होते: एकाच हार्मोनची मिनी-पिल, तीन महिन्यांचं इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आणि तांबी. बाईंनी कुठलाच माझ्या गळ्यात मारला नाही, प्रश्न मात्र विचारले. गोळी विसरता का? पुढे मूल हवंय का, साधारण कधी? पाळीत किती जातं?

गोळी मी महिन्यातून एकदा तरी विसरायचे. रोजच्या वापरात गोळ्या घेणाऱ्या १०० जणींपैकी सुमारे ७ जणींना वर्षभरात दिवस राहतात, ते बहुतेक विसरण्यामुळेच. तांबीत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात आणि आम्हाला दोनेक वर्षांनी दुसरं मूल हवं असेल. तांबी काढली की लगेच प्रयत्न करता येतो. माझी पाळी बेताची होती. आधीपासून खूप जात असतं तर त्यांनी हार्मोनचं साधन सुचवलं असतं.

बसवायला दहा मिनिटं लागली. दुखलं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. दोनदा पोटातून अशी कळ गेली की मी टेबलाची कड घट्ट धरली. नंतर चक्कर आली, पंधरा मिनिटं पडून राहिले. दुखेल तेव्हा थांबायला सांगा, आधी वेदनाशामक काय घेता येईल ते विचारून ठेवा.

पहिले तीन महिने कठीण गेले. चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली, दुसऱ्या महिन्यात गुठळ्या पडल्या, मी रडकुंडीला आले. तांबी काढून टाकायचंच ठरवलं होतं. डॉक्टरांनी पाळीच्या दिवसांत जेवणानंतर मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक घ्यायला सांगितलं आणि रक्त तपासलं. बसवायच्या आधी १२.१ असलेलं हिमोग्लोबिन १०.८ वर आलं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आधीचा आकडा हाताशी होता म्हणूनच फरक कळला.

चौथ्या महिन्यात तांबीचा खाली येणारा धागा, जो बोटाने चाचपून ती जागेवर आहे का ते कळतं, तो हाताला लागेना. मी घाबरले, कारण साधारण वीस जणींत एकीची तांबी आपोआप बाहेर पडते, आणि तेही बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत. कळेपर्यंत कंडोम वापरायचा, गर्भचाचणी करायची आणि सोनोग्राफी, असं बाईंनी सांगितलं. तांबी जागेवरच होती, धागा वर गुंडाळला गेला होता. त्या दोन दिवसांत नवरा प्रत्येक ठिकाणी सोबत आला. हा विषय दोघांचा आहे हे आम्ही बोलायचो, पण मला ते जाणवलं तेव्हा.

सहाव्या महिन्यापासून पाळी पाच दिवसांवर स्थिरावली. अजूनही गोळ्यांच्या काळापेक्षा जास्त जातं, दुसऱ्या दिवशी पोटही दुखतं. डोळ्यांपुढच्या रेघा आता दोन-तीन महिन्यांतून एकदा दिसतात. माझ्या तांबीची मुदत दहा वर्षांची आहे, पण लैंगिक आजारांपासून ती अजिबात वाचवत नाही, तिथे कंडोमच लागतो. पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखायला लागलं तर थांबायचं नाही, हेही मला पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. तांबी असताना क्वचित दिवस राहिले तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत तर नाही ना, हे लगेच बघावं लागतं.

वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.३ आलं. लोहाच्या गोळ्या थांबल्या. बाईंनी परत विचारलं, "चालू ठेवायची ना?" मी हो म्हटलं.