कुर्ल्याचं पाईपवालं दुकान आणि ८०० ची पेट्रोल लाइन

दुकानाचं नाव लिहिलं असतं पण बोर्डच नाहीये. कुर्ल्याला सीएसटी रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांच्या ओळीत एका शटरला काळ्या पाईपांची वेटोळी टांगलेली दिसतील, आत चाचा बसलेले असतात, तेच. जुनी कार्बोरेटरवाली गाडी (म्हणजे इंजेक्शन यायच्या आधीची, पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमध्ये मिसळणारी) अजून चालवत असाल आणि बॉनेट उघडल्या उघडल्या पेट्रोलचा वास येत असेल तर इथे जाच.

माझी १९९७ ची मारुती ८००. वास तर होताच, वर सकाळी पहिला स्टार्ट घेताना बॅटरी बसायची वेळ यायची आणि फ्लायओव्हरच्या चढावर गाडी मधेच दम सोडायची. परळच्या एका गॅरेजने कार्बोरेटर सर्व्हिसचे पैसे घेतले, मग पंप गेलाय म्हणाले, पण पाईप वाकवून बघायची तसदी कोणी घेतली नाही. खाली एक थेंब पण पडत नव्हता ना, म्हणून लाइन ओके असं त्यांचं गणित. ८०० ला पंप इंजिनवर असतो, तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे टाकी ते पंप या भागात पाईपला भेग पडली तर चालू गाडीत पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गळती दिसत नाही आणि पंपाला पेट्रोल पुरत नाही. गळायचा तो पंपाच्या पुढचा पाईप, कार्बोरेटरकडे जाणारा, आणि तिथून गळलं तर खाली तापलेलं इंजिन आणि एक्झॉस्ट असतं, पुढचं सांगायला नको.

चाचांकडे जुना तुकडा नेला होता. त्यांनी तो बोटांत धरून वाकवला तर कडक चकलीसारखा मोडला, आतून बोट फिरवलं तर काळी भुकटी. हीच भुकटी जाऊन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, चोक करते. मग पहिला प्रश्न, "कौनसा लाइन है, टंकी का के कार्बोरेटर का? के टंकी के अंदर का?" हे विचारणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदा भेटला, बाकी सगळे मीटर किती एवढंच विचारतात. टाकीच्या आत बुडून राहणारा पाईप वेगळा लागतो कारण तिथे पाईप बाहेरून पण पेट्रोलमध्ये असतो, साध्या पाईपचं वरचं रबर त्यासाठी बनवलेलंच नसतं.

मग त्यांनी दोन पाईप काउंटरवर ठेवले आणि चष्मा लावून वरची अक्षरं वाचून दाखवली. एकावर एसएई जे३० आर७, दुसऱ्यावर आर९, हे पेट्रोलच्या पाईपच्या दर्जाचे नंबर. आर७ कार्बोरेटरवाल्या गाडीला प्रेशरच्या हिशोबाने भरपूर झाला, ५० पीएसआय (दाबाचं माप) पर्यंतचा असतो आणि आपला पंप तीन-चार पीएसआयच्या आसपासच देतो. आर९ इंजेक्शनच्या गाड्यांसाठी, १०० पीएसआयचा, पण खरा फरक आतल्या थराचा, तिथे फ्लोरो रबर असतं ज्याला इथेनॉल सहजासहजी खात नाही. आता पेट्रोल पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय, आणि १९९७ ला कोणी त्याचा विचार करून रबर बनवलं नव्हतं, त्यामुळे मी आर९ च घेतला. भाव साध्या पाईपच्या जवळपास तिप्पट आहे, घासाघीस करून चाचा हलले नाहीत. पण छोट्या गाडीला रबराचे तुकडेच लागतात, मधली लाइन लोखंडी असते, त्यामुळे बिल काही फार होत नाही. तिसरा एक चकचकीत पाईप पण टांगला होता, मी हात लावला तर म्हणाले, "वो पानी का है साहब, पेट्रोल में फूल जाएगा।" विकायचाच असता तर गुपचूप विकला असता ना.

साईज व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावून देतात. सप्लाय (इंजिनकडे पेट्रोल नेणारा) आणि रिटर्न (जास्तीचं टाकीत परत आणणारा) वेगवेगळ्या मापाचे असू शकतात, दोन्ही तुकडे न्या. सैल पाईप क्लिप आवळून बसवायच्या भानगडीत पडू नका.

आता तक्रार. क्लिपा बेकार. पट्टीला आरपार खाचा असलेल्या साध्या जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या) देतात, आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं आणि पट्टीची कड पाईप कापते. आतून गुळगुळीत पट्टीच्या, कड वळवलेल्या क्लिपा मला ऑपेरा हाऊसला मिळाल्या, पाईप घ्यायला कुर्ला आणि क्लिपांसाठी तिकडे, हा वैताग आहेच. शिवाय बिल मागितलं तर विड्याच्या पाकिटामागे लिहून दिलं.

फिटिंगसाठी त्यांनीच मागच्या गल्लीतला मिस्त्री सांगितला. माणूस कामाचा. बाजूच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं ते त्याने पहिलं बंद करायला लावलं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मगच पाईपला हात. लोखंडी नळीच्या टोकाला फुगीर कडा असते, पाईप तिच्या पार पुढे ढकलून क्लिप तिच्या मागे बसवली, कडेवर नाही. जिथे मिस्त्री घाई करतात ती टाकीकडची दोन टोकं त्याने गाडी वर घेऊन बदलली, वेळ लागला पण पुढचे पाईप नवे आणि मागचे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जुने असं काम त्याने केलंच नसतं. नंतर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवला. वास बंद, सकाळचा स्टार्ट सुधारला, पंप जुनाच आहे.

मेहुण्याच्या नव्या गाडीसाठी विचारलं तर चाचांनी सरळ नाही सांगितलं. तिला प्लॅस्टिकची लाइन आणि खटका दाबून बसणारे कनेक्टर असतात, तिथे कापून रबर घुसवायचं नाही, कंपनीचीच लाइन घ्या म्हणाले. गिऱ्हाईक घालवलं, पण मी पुढच्या वेळी कूलंटचा पाईप पण इथूनच घेणार.

पाईपला पाचपैकी पाच, क्लिपांना एक. शुक्रवारी दुपारी बंद असतं, आणि गाडी घेऊन जाऊ नका, उभी करायला जागा मिळत नाही.