८ इंच की १२ इंच: अकरा महिने कॉन्टॅक्ट व्हील वापरल्यावर

चाकूची पाती मी २ बाय ७२ इंची बेल्ट ग्राइंडरवर घासते. त्यावर पहिले चार महिने ८ इंची कॉन्टॅक्ट व्हील होतं (रबर चढवलेलं चाक, त्यावरून बेल्ट फिरतो आणि तिथेच पातं टेकवून घासतात), पुढचे सात महिने १२ इंची. दोन्हींवर मिळून चाळीसेक पाती घासून झाली. कोणतं व्हील घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी दोन मापं विचारते: पात्याची पाठ किती जाड आहे, आणि उतार (पाठीकडून धारेकडे निमुळता घासलेला भाग) किती उंच घ्यायचाय? ती कळली की व्हीलचा आकार बराचसा ठरूनच जातो. मी स्वतः मात्र आधी व्हील घेतलं आणि पातं मग आखलं.

ते पातं ४ मिमी जाड पट्टीचं होतं, व्हील ८ इंची. उतार २५ मिमी, आणि पाणी देण्याआधी (म्हणजे तापवून, तेलात बुडवून कडक करण्याआधी) धारेला अर्धा मिमी जाडी ठेवायची म्हणून कडेवर दोन रेघा ओढून घेतल्या. ६० ग्रिटच्या सिरॅमिक बेल्टने काम झपाझप झालं, रेघाही शाबूत राहिल्या. शेवटी धारेवर नख दाबून पाहिलं तर तिच्या वरचा भाग पत्र्यासारखा लवला. धार मोजली, बरोबर अर्धा मिमी. पाचेक मिमी वर मोजलं तर जेमतेम पाव मिमी. पोलाद सगळ्यात पातळ झालं होतं ते धारेच्या वरच्या पट्ट्यात. तरीही जीव अडकला होता म्हणून पाणी दिलं. तेलातून बाहेर आलं तेव्हा धारेला टोकापासून मुठीपर्यंत लाट आली होती. ते पातं अजून भिंतीवर टांगलेलं आहे.

झालं काय होतं, हे वहीत वर्तुळ काढल्यावर उमगलं. व्हील पोलादात जो खड्डा करतं त्याची खोली उताराच्या उंचीच्या वर्गाला व्हीलच्या त्रिज्येच्या आठपटीने भागलं की मिळते. २५ मिमी उताराला ८ इंची व्हील मध्यावर प्रत्येक बाजूने ०.७७ मिमी जास्तीचं पोलाद खातं, १२ इंची ०.५१ मिमी. सपाट घासलेल्या त्याच पात्याची मध्यावरची जाडी सव्वादोन मिमी असती. त्यातून दोन्ही बाजूंचे मिळून दीड मिमी गेले तर उरणार काय? आणि उंची वर्गात असल्यामुळे उतार दुप्पट केला की खड्डा चौपट होतो. व्हील ८ वरून १२ इंची केल्याने जितका फरक पडतो, जवळजवळ तितकाच उतार चार मिमी कमी केल्याने पडतो. मला वाटतं, हॉलो ग्राइंडमध्ये, म्हणजे असा खोलगट उतार घासताना, सगळ्यात आधी कळायला हवं ते हेच.

यातून मी एक हिशेब बसवलाय आणि त्याने आजवर दगा दिलेला नाही. पाठीच्या जाडीतून धारेची जाडी वजा करायची, त्याला व्हीलच्या त्रिज्येने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, सगळं मिलिमीटरमध्ये. येणारा आकडा म्हणजे धार हीच सगळ्यात पातळ राहील असा जास्तीत जास्त उतार. ४ मिमी पाठ आणि अर्धा मिमी धार धरली तर ८ इंचीवर १९ मिमी, १० इंचीवर २१, १२ इंचीवर २३, १४ इंचीवर २५. पाठ ३ मिमी असेल तर हेच आकडे १६, १८, साडेएकोणीस आणि २१ होतात. मिलिमीटरभर पुढे गेलं तरी चालून जातं, पण मी सहा मिलिमीटर पुढे गेले होते.

लहान पात्यांना मात्र व्हीलच्या आकाराचा फारसा फरक पडत नाही. १२ मिमीच्या उतारात ८ इंची आणि १२ इंची व्हीलच्या खड्ड्यात प्रत्येक बाजूला ०.०६ मिमीचा फरक येतो, तो डोळ्याला दिसतही नाही. लहान शिकारी सुऱ्या किंवा घडीचे चाकू एवढंच करायचं असेल, तर ८ इंचीवर खुशाल भागेल. स्वयंपाकघरातल्या रुंद सुरीसाठी दोन्ही व्हील विसरा. २ मिमी पाठीला १२ इंचीवर १५ मिमीच्या वर जाता येत नाही. तिथे सपाट प्लॅटन (बेल्टच्या मागे आधाराला असलेली पोलादी पट्टी), किंवा अगदी हलका खोलगटपणा हवा असेल तर मोठ्या त्रिज्येचा वक्र प्लॅटन.

व्हील बदलताना एक चूक टाळा. ८ इंचीवर अर्धवट घासलेली माझी तीन पाती मी १२ इंचीवर पुरी करायला घेतली. मोठं व्हील लहान व्हीलच्या खड्ड्यात बसतच नाही. ते उताराच्या वरच्या कडेला आणि धारेला टेकतं, म्हणजे जिथे पोलाद राखायचं नेमकं तिथेच खातं. एक पातं तिथल्या तिथे गेलं. सुरुवात ज्या व्हीलवर केली त्याच्यावरच शेवट करा.

१२ इंचीची सवय व्हायला तीनेक आठवडे लागले. ८ इंचीवर पातं आपल्या खाचेत टक्कन बसतं, हाताला जागा लगेच सापडते. मोठ्या व्हीलवर खाच उथळ असल्याने तो अंदाज मंद येतो, आणि सुरुवातीला माझी वरची रेघ दोनदा सरकली. त्याबदल्यात स्पर्श रुंद असल्यामुळे एका जागी हात रेंगाळला तरी खळगा पडत नाही, आणि पाणी दिल्यावरचं घासकाम करताना धार तापून निळी पडण्याचे प्रसंग खूपच कमी झाले. व्हील जड आहे, बंद केल्यावर बराच वेळ फिरत राहतं. ते थांबेपर्यंत हात लांब ठेवा. बेल्टचा वेगही वाढला असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो मोटरवरच्या ड्राइव्ह व्हीलच्या व्यासावर आणि मोटरच्या फेऱ्यांवर ठरतो. माझं ड्राइव्ह व्हील ४ इंची, मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणून बेल्ट मिनिटाला ४६० मीटरच्या आसपास धावतो, कॉन्टॅक्ट व्हील कोणतंही असो.

आकाराइतकंच रबराकडे बघा. माझं पहिलं १२ इंची व्हील आलं ते गोलच नव्हतं. उतारावर सारख्या अंतराने बारीक लाटा उठायच्या. आठवडाभर मी बेल्टच्या सांध्याला दोष देत होते, मग डायल गेज लावला तर काटा ०.३ मिमी हलला. विकणाऱ्याने बदलून दिलं, पण तीन आठवडे गेले. रबर शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ७० च्या आसपास कडक आणि गुळगुळीत घ्या. मऊ रबर दाबलं की दबतं आणि उताराची वरची कोर बोथट करतं. खाचांचं रबर जाड ग्रिटला जोरात कापतं खरं, पण बारीक बेल्टवर त्या खाचांचे ठसे उमटतात. आणि काम संपलं की बेल्टचा ताण सोडा. एकदा दहा दिवस ताणलेला बेल्ट तसाच राहिला, रबर एका जागी चपटं झालं, आणि ते पूर्ववत होईपर्यंत दर फेरीला टक टक ऐकू येत होती.

८ इंची विकलेलं नाही, लहान पात्यांसाठी ठेवलंय. नवीन घेणाऱ्याने एकच घ्यायचं असेल आणि पाती ३ ते ४ मिमी पट्टीची असतील, तर मी १२ इंची सुचवेन. मोटर किंवा जागा कमी पडत असेल तर १० इंची. सध्या व्हीलवर ३ मिमीचं पातं आहे, उतार १९ मिमी. डावी बाजू झाली, खड्डा फीलर गेजने मोजला तर ०.३ मिमी भरला, हिशेबाइतकाच. उजवी बाजू उद्या.