‘वीस टक्के भरा, बाकी माफ’: थकलेल्या आयकराच्या नावाखाली चाललेली लूट

हे प्रकरण ठाण्यातल्या एका इंटिरिअर डिझायनर बाईंचं. नाव-पत्ता देत नाही, आकडे देतो, कारण सगळी मेख आकड्यांतच आहे.

त्यांची बहुतेक कामं घरमालकांची. कंपनी किंवा बिल्डर फी देताना १० टक्के टीडीएस (फी देतानाच कापलेला आयकर) कापून घेतो. स्वतःचा फ्लॅट सजवून घेणारा माणूस सहसा काहीच कापत नाही. त्यामुळे कराचे पैसेही फीबरोबर हातात येतात आणि प्लायवूड, सुतारांची मजुरी, ऑफिसचं भाडं यांत कधी गेले ते कळत नाही. सलग दोन वर्षं जमा ४१ लाखांच्या आसपास. कलम ४४एडीएप्रमाणे (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी पद्धत) निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली. १५ मार्चपर्यंत भरायचा आगाऊ कर भरला नाही. विवरणपत्रं दाखल झाली, पण त्यांतच दिसणारा कर राहून गेला. आगाऊ कर न भरल्याबद्दलचं २३४बी आणि २३४सी या कलमांचं व्याज धरून दोन वर्षांची मिळून ८,६०,००० रुपयांची डिमांड, म्हणजे खात्याची थकीत कराची मागणी, आली.

मग ओळखीच्या ओळखीतून एजंट आला. कार्डावर ‘टॅक्स कन्सल्टंट’, पुढे काही नाही. ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका. आयकराच्या वॉर्डातले साहेब आपलेच आहेत. वीस टक्के भरा, बाकी माफ करून आणतो.’ वीस टक्के म्हणजे १,७२,००० रुपये, वर पाच टक्के फी ४३,०००. एकूण २,१५,००० रुपये बाईंनी त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवले. इथेच थांबायला हवं होतं. आयकर सरकारच्या खात्यात जातो, तोही तुमच्या पॅनवर तयार झालेल्या चलानातून. तो कुणाच्याही मोबाइल नंबरवर जात नाही.

हे वीस टक्के एजंटाच्या डोक्यातून आलेले नाहीत, आणि म्हणूनच बाकीच्यांनाही ते खरे वाटले. प्रत्यक्ष कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेत हा आकडा आहे (२०१६ मध्ये तो १५ टक्के होता). करनिर्धारणाच्या आदेशाविरुद्ध पहिलं अपील चालू असेल, तर वादातल्या रकमेच्या साधारण २० टक्के भरून बाकीच्या वसुलीला अपिलाच्या निकालापर्यंत स्थगिती मागता येते. स्थगिती, माफी नव्हे. अपील हरलात तर उरलेले ८० टक्के व्याजासकट भरायचे. बाईंच्या बाबतीत तर स्थगितीचाही प्रश्न नव्हता. कर त्यांनी स्वतःच मोजून विवरणपत्रात लिहिला होता, त्यात वाद कसला? कलम २४९(४) सांगतं की विवरणपत्रात कबूल केलेला कर भरल्याशिवाय अपील दाखल करूनच घेत नाहीत.

असाच प्रकार ‘योजने’चा. आपल्याकडे व्हॅट आणि विक्रीकराच्या जुन्या थकबाकीसाठी राज्य सरकारने २०२२ आणि २०२३ मध्ये अभय योजना आणल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या तोंडी तो शब्द बसला आहे आणि एजंट तोच आयकराला चिकटवतो. ती योजना राज्याच्या करांची, आयकर केंद्राचा. ‘विवाद से विश्वास’ ही वाद मिटवण्याची योजना खरोखर आयकराची, पण २०२४ ची ती योजना २२ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या वादांपुरतीच होती आणि तिच्यात अर्ज करण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात छोट्या जुन्या डिमांड खरंच रद्द झाल्या: २००९-१० पर्यंतच्या वर्षांसाठी २५,००० रुपयांपर्यंत, २०१०-११ ते २०१४-१५ साठी १०,००० पर्यंत, आणि एका करदात्याला एकूण एक लाखाची मर्यादा. ते काम खात्याने आपल्या संगणकावरच उरकलं. त्यासाठी कुणी अर्ज करायचा नव्हता, फी तर नाहीच. आणि ‘सेटलमेंट’साठी जो आयोग होता तो १ फेब्रुवारी २०२१ पासून बंद झाला. कबूल केलेला कर घासाघीस करून कमी करून घ्यायचा असा मार्ग भारतीय कायद्यात आज नाही.

आता पैसे घेतल्यावर एजंटाने काय केलं ते पाहा, कारण खरं नुकसान तिथे झालं. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलचा पासवर्ड घेतला, आलेला ओटीपी फोनवर विचारून घेतला आणि प्रोफाइलमधला मोबाइल व ईमेल बदलून टाकला. त्यानंतर खात्याचं एकही पत्र बाईंपर्यंत पोहोचलं नाही. मग ‘पेंडिंग ॲक्शन्स’खाली थकीत डिमांडला उत्तर द्यायची जी सोय आहे, तिथे त्याने ‘डिमांड मान्य नाही’ हा पर्याय निवडून पाठवून दिला. उत्तर पोहोचल्याची पावती पोर्टल लगेच देतं, हिरव्या खुणेसह. त्या पानाचा स्क्रीनशॉट ‘झालं काम’ म्हणून व्हॉट्सॲपवर आला. त्याचा अर्थ एवढाच की उत्तर दाखल झालं. रक्कम जिथल्या तिथे.

सोबत चलानाची पीडीएफ होती, १,७२,००० रुपयांची. प्रत्यक्षात बँकेत भरले होते २,०००. पीडीएफमधला आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात, पण चलानाची ओळख बदलता येत नाही. बीएसआर कोडचे (बँकेच्या शाखेचा क्रमांक) सात अंक, भरणा तारीख आणि पाच अंकी चलान क्रमांक ही तीन टोकं जुळवून पाहायची. पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये ‘पेमेंट हिस्टरी’ उघडली की त्या क्रमांकासमोर खरी रक्कम दिसते, काही दिवसांत २६एएसमध्येही (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा) उतरते. आणखी एक खूण म्हणजे चलानाचा प्रकार. डिमांडपोटी भरलेली रक्कम ४०० या शीर्षाखाली जाते. बनावट कागदावर बरेचदा १०० किंवा ३०० छापलेलं असतं, कारण दुसऱ्या कुणाचं आगाऊ कराचं किंवा स्वयंनिर्धारण कराचं (विवरणपत्र भरताना स्वतः मोजून भरलेला कर) जुनं चलान गिरवलेलं असतं.

दहा महिने असेच गेले. कलम २२०(२)प्रमाणे थकबाकीवर दरमहा १ टक्का व्याज, महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना. इथे दरमहा साडेआठ हजारांच्या वर. दहा महिन्यांत सुमारे ८६,०००. पण त्याहून महाग पडली ती हुकलेली मुदत. डिमांड नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात, आणि हप्ते किंवा मुदतवाढ हवी असेल तर कलम २२०(३)चा अर्जही त्याच ३० दिवसांत करायचा असतो. पहिलं अपीलही ३० दिवसांतच. ज्यांची डिमांड खरोखर चुकीची असते, तेही एजंटाच्या भरवशावर बसून ही मुदत घालवतात आणि मग उशीर माफ करा म्हणून विनवण्या करतात.

अकराव्या महिन्यात कलम २२६(३)ची नोटीस निघाली. एक बँकेला, खातं गोठलं. दुसरी एका बिल्डरला, ज्याच्याकडून बाईंचं बिल येणं होतं: यांना देण्याचे पैसे आमच्याकडे भरा. व्यावसायिकाला ही दुसरी नोटीस जास्त जिव्हारी लागते. पैसा जातो ते वेगळंच, ग्राहकासमोर पत जाते.

थकबाकी नसलेल्यांनाही गाठणारा दुसरा प्रकार आहे. ‘रिफंड काढून देतो’, आणि डिमांड असेल तर ‘त्यातून ती वळती होईल’ असं सांगून विवरणपत्रात खोट्या वजावटी घालायच्या. ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, ८०डीडीबीखाली न झालेला आजार. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी झडत्या घेतल्या त्या याच धंद्यासाठी, आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. एकगठ्ठा विवरणपत्रं भरण्यापुरते ईमेल उघडायचे आणि मग टाकून द्यायचे, त्यामुळे नोटिसा न वाचता पडून राहतात, असं खात्याने तेव्हा सांगितलं होतं. ठाण्यातली युक्ती आणि ही युक्ती एकाच घरची. हिशेब करून पाहा: ३० टक्क्यांच्या टप्प्यात ४ लाखांची खोटी वजावट म्हणजे उपकरासह १,२४,८०० रुपये कर वाचल्यासारखा दिसतो. पकडल्यावर तो कर, व्याज आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७०एचा २०० टक्के दंड, म्हणजे २,४९,६००. सही तुमची, पॅन तुमचं. ‘एजंटाने भरलं’ म्हणून सुटका होत नाही.

फसलात हे लक्षात आलं की आधी पोर्टल ताब्यात घ्या, पोलीस नंतर. आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदला (म्हणून आधारला जोडलेला मोबाइल आपल्याच हातात हवा), प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल-ईमेल घाला, ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ची जादा सुरक्षा चालू करा. मग दाखल झालेली सगळी विवरणपत्रं, ‘ई-प्रोसीडिंग्ज’मधल्या नोटिसा आणि डिमांडला गेलेली उत्तरं उतरवून घ्या. त्याने तुमच्या नावाने काय काय बोलून ठेवलंय ते कळल्याशिवाय पुढचा कागद लिहू नका. ‘मान्य नाही’ असं खोटं उत्तर गेलं असेल तर ते सुधारा. पण घाईत ‘मान्य आहे’वर बोट ठेवण्याआधी आकडा २६एएसशी ताडून पाहा, कारण एकदा मान्य केलं की मागे फिरता येत नाही. टीडीएस जमा धरला नसेल किंवा बेरीज चुकली असेल, तर कलम १५४चा दुरुस्तीचा अर्ज आहे, आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीला बनावट चलान आणि ‘पेमेंट हिस्टरी’चं पान शेजारी-शेजारी जोडा. फसवणूक दाखवायला दुसरं काही लागत नाही. समोरचा स्वतःला सीए म्हणवत असेल तर सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचा सदस्य क्रमांक शोधा. तो खरा सीए निघाला आणि तरी ‘जेवढी माफी, तेवढे टक्के फी’ म्हणाला, तर कामाच्या निकालावर फी ठरवणं हेच सर्वसाधारणपणे त्यांच्या आचारसंहितेत बसत नाही. संस्थेकडे तक्रार करता येते. कुणी दारात ‘खात्याचं पत्र’ घेऊन आला तर वर दस्तऐवज ओळख क्रमांक आहे का बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो सक्तीचा आहे, आणि पोर्टलवर लॉगिन न करताही तो खरा की खोटा ते तपासता येतं.

राहिला मूळ कर. तो भरायचाच आहे, पण एकदम नाही जमला तर वसुली करणारा अधिकारी ३० दिवस उलटल्यावरही हप्त्यांचा विचार करतो. प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे गेलं असेल तर कलम २२५खाली तोही मुदत देऊ शकतो. अर्ज एका पानाचा पुरे. सोबत सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, येणं असलेल्या बिलांची तारखांसह यादी, आणि दर महिन्याचा ठरलेला आकडा. पहिला हप्ता अर्जाआधीच भरून त्याचं चलान जोडलं तर अर्जाकडे बघण्याची नजर बदलते. व्याज कमी करून हवं असेल तर कलम २२०(२ए) आहे, पण तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: खरी ओढाताण, हाताबाहेरची कारणं आणि खात्याला केलेलं सहकार्य. नोव्हेंबर २०२४ पासून ५० लाखांपर्यंतच्या अशा व्याजाचा निर्णय प्रधान आयुक्तांकडे असतो. एजंटाने पाठवलेलं खोटं उत्तर या तिसऱ्या अटीला बाधतं, तेव्हा पोलिस तक्रारीची प्रत अर्जाला जोडा.

वर सांगितलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे, तरी आधीच्या वर्षांची थकबाकी जुन्याच कायद्याने चालते.

हप्ता भरताना ‘ई-पे टॅक्स’वर कोरं चलान उघडू नका. थकीत डिमांडच्या ओळीतलं ‘पे नाऊ’ दाबा. तिथून डिमांडचा क्रमांक आणि निर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) आपोआप उतरतं. हाताने भरताना लोक आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी निर्धारण वर्षही २०२२-२३ च टाकतात. हवं असतं २०२३-२४. पैसे सरकारकडे जातात, पण भलत्याच वर्षात जमा होतात, आणि ज्या डिमांडसाठी भरले तिच्यावरचं व्याज चालूच राहतं.