फिटनेस बँड: दहा महिन्यांचा वापर आणि भिंतीवरचे खाडे

पाडव्याला मनगटावर आलेला फिटनेस बँड आज दहा महिन्यांनीही मनगटावरच आहे. घेतल्यावर आठवड्याभरात लिहिलेले अनुभव मी पुष्कळ वाचले होते. त्यांत स्क्रीन कशी, पट्टा कसा, बॅटरी किती, सगळं होतं. मला हवं होतं ते एकाही ठिकाणी सापडलं नाही: याने माणूस रोज चालायला लागतो का, आणि चार-सहा महिन्यांनी काय होतं? म्हणून घाई न करता आता लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण तीन हजारांच्या आतल्या बहुतेक बँडमध्ये हे सगळं जवळपास सारखंच असतं.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. वय ४७, घर ठाण्याच्या पाचपाखाडीत, नोकरी वागळे इस्टेटमध्ये, दिवसभर खुर्चीत. गेल्या फेब्रुवारीत ऑफिसच्या आरोग्य तपासणीत माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. आईला मी स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचलेलं आहे, त्यामुळे त्या आकड्याचा अर्थ मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास भरभर चाला. कचराळी तलाव घरापासून जवळ, बूट घरात होते. अडचण फक्त ‘रोज’ या शब्दाची होती. याआधी तीनदा चालणं सुरू करून तीनदा सुटलं होतं.

वस्तूबद्दल थोडक्यात. बॅटरी सुरुवातीला नऊ-दहा दिवस जायची, आता सहा-सात. भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, पण मी पहाटे चालते, त्यामुळे अडलं नाही. झोपेचा आलेख बघणं महिन्याभरात सोडलं. मी टीव्हीसमोर शांत बसले होते तो पाऊण तास त्याने झोपेत धरला होता. मे महिन्यात मात्र त्रास झाला. ठाण्यातला तो घाम, त्यात रबराचा पट्टा. मनगटावर लाल चट्टा उठला आणि खाज सुटली. तेव्हापासून रोज आंघोळीच्या वेळी पट्टा काढून धुते, पुसून कोरडा करते, रात्री एक भोक सैल करते. चट्टा परत आला नाही. नवव्या महिन्यात पट्टा तुटला. स्टेशनजवळच्या दुकानात दीडशे रुपयांत दुसरा मिळाला.

पावलं कशी मोजली जातात हे कळल्यावर माझा त्या आकड्यावरचा राग गेला. बँडमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, तो हाताचा झोका मोजतो. पाय त्याला दिसतच नाहीत. एकदा मुद्दाम बघितलं. पोळ्यांना बसण्याआधी आकडा २,१४० होता, वीस पोळ्या लाटून झाल्यावर २,३६०. मी ओट्यासमोरून हलले नव्हते. उलट पावसात त्याच हातात छत्री धरून अर्धा तास चालले, तर नेहमीच्या निम्मी पावलंसुद्धा लागली नाहीत. कॅलरीच्या आकड्याचं तर बघूच नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली, त्यांत सगळ्यात बऱ्या यंत्राचाही कॅलरीचा अंदाज सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता. ‘आज एवढ्या जळल्या’ म्हणून वर एक लाडू खाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. नाडीचे ठोके त्यामानाने बरे येतात. हिरवा उजेड कातडीवर पाडून तो रक्ताचा प्रवाह ओळखतो, त्यासाठी पट्टा मनगटाला नीट टेकलेला हवा. मी बोटांनी नाडी मोजून दोन-तीनदा ताडून पाहिलं, चार-पाच ठोक्यांचा फरक आला.

आता मुख्य गोष्ट. बँड डब्यातून निघतो तेव्हा त्यात रोजचं लक्ष्य भरलेलं असतं, १०,००० पावलं. मला वाटायचं हा आकडा डॉक्टरांनी ठरवला असेल. पण त्याचं मूळ जपानमध्ये आहे. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, तिथे पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच ‘मान्पो-केई’ होतं, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या हजारो बायकांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही २,७०० वाल्यांपेक्षा बराच फायदा दिसला, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. हे मला एप्रिलमध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं. कारण तेव्हा मी रात्री साडेदहाला, घर झोपलेलं असताना, हॉलमध्ये सोफ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारून उरलेली अठराशे पावलं भरत होते. ती थकवा आणणारी, चिडचिड वाढवणारी चाल होती. लक्ष्य ६,००० वर आणलं, त्या रात्रीपासून ते थांबलं. आता ७,५०० ठेवलंय आणि बहुतेक दिवशी ते सहज होतं.

दुसरं म्हणजे साखळी. रोज लक्ष्य पूर्ण केलं की अॅपमध्ये ‘सलग इतके दिवस’ असा आकडा वाढत जातो. खरं सांगते, पहिले अडीच महिने त्या आकड्यानेच मला घराबाहेर काढलं. तीस झाले, पन्नास झाले, तो तुटू नये म्हणून लग्नाला गेले तिथेही मी मांडवाबाहेर चालून आले. एकूण ७४ दिवस झाले. मग जूनच्या मध्यावर सासूबाईंना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटल, ऑफिस आणि घर. बँड हातात होता की कपाटात, हेही आठवत नाही. त्या घरी आल्यावर अॅप उघडलं. तिथे ० होता.

७४ दिवस मी चालले होते, ते कुठेच दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त अकरा दिवसांचा खाडा. मन इतकं उतरलं की त्यानंतर पाच आठवडे मी चाललेच नाही. पाऊस होता, हे कारण होतंच. पण पाऊस थांबलेल्या सकाळीही मी पडून राहायचे. पुन्हा एकपासून सुरुवात करायची, या विचारानेच अंग जड व्हायचं. त्याच सुमारास मावसभावंडांच्या पावलांच्या ग्रुपमधूनही बाहेर पडले. एक भाऊ नेरूळला राहतो, पहाटे पाम बीच रोडला पळतो, त्याचे रोजचे पंधरा हजार. त्याचं मला कौतुकच आहे. पण रोज संध्याकाळी त्याच्या खाली आपला आकडा बघून माझा उत्साह वाढला नाही, कमी झाला.

ही गाडी रुळावर आली ती दुधाच्या हिशोबामुळे. ३१ जुलैची रात्र. आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी खिळ्याला असतं. दुधाचे खाडे निळ्या पेनाने, कामवाल्या मावशींचे लाल पेनाने, सिलिंडर लावला त्या तारखेवर ‘गॅस’. जुलैत दुधाचे तीन खाडे होते. एकतीस वजा तीन, अठ्ठावीस, गुणिले दीड लिटर. लिहिता लिहिता हात थांबला. तीन दिवस दूध आलं नाही, पण दूध बंद झालं असं आपण म्हणत नाही. चौथ्या दिवशी दूधवाल्याचा पहिला दिवस उजाडत नाही. अठ्ठावीस दिवस त्याने दूध घातलेलं असतं आणि त्याचे पैसे आपण बिनतक्रार देतो. मावशींचंही तेच, महिन्याचे दोन-तीन खाडे आपण धरूनच चालतो. मग स्वतःचाच हिशोब मी इतक्या कडकपणे का ठेवत होते?

१ ऑगस्टपासून त्याच कालनिर्णयावर हिरव्या पेनाने माझे खाडे लिहायला लागले. चालले तर काही लिहायचं नाही, न चालले तर तारखेखाली ‘चा.खा.’ महिनाअखेर दुधाबरोबर याचाही हिशोब. ऑगस्टमध्ये नऊ, सप्टेंबरात पाहुणे आणि पाठोपाठ माझा ताप यांमुळे अकरा, ऑक्टोबरात आठ, नोव्हेंबरात पाच, डिसेंबरात सहा. म्हणजे पाच महिन्यांत ३९ खाडे आणि ११४ दिवस चालणं. अॅपच्या भाषेत माझी साखळी इतक्यांदा तुटली आहे की मोजायला नको. कालनिर्णयाच्या भाषेत मी पाच महिने चालतेय. नियम एकच ठेवलाय: सलग तिसरा खाडा पडू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं का होईना, खाली उतरायचं.

याला आधारही आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एक छोटी सवय लावायला सांगून बारा आठवडे त्यांचा मागोवा घेतला. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, पण कुणाला १८ दिवस तर कुणाला अंदाजाने २५४. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्या सगळ्यांना मला हे सांगायचं आहे.

भिंतीवर लिहिल्याचा आणखी एक फायदा झाला, जो मी ठरवला नव्हता. अॅप फक्त मला दिसतं, कालनिर्णय सगळ्यांना. सासूबाई सकाळी चतुर्थी-एकादशी बघायला तिथे जातातच. ऑगस्टमध्येच एकदा त्यांनी मागे वळून विचारलं, “काल खाडा झाला ना तुझा? आज जाऊन ये. कुकर मी लावते.” आजारातून उठलेल्या बाईने हे म्हटलं तेव्हा मला बूट घालायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते कुकर लावणं माझ्यासाठी या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं आहे. बायकांचं चालणं बऱ्याचदा आळसापायी सुटत नाही. त्या वेळेत गॅसपाशी उभं राहणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून सुटतं. घरातल्यांनी हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. वय ६६. सव्वासहाला त्यांचा मिस्ड कॉल येतो, एकच रिंग. उचलायचा नाही, खाली यायचं. मी पाच मिनिटांत गेले नाही तर त्या निघतात, दुसरा कॉल करत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी कारणही विचारत नाहीत. मला हे फार आवडतं. कचराळीला फेऱ्या मारताना आम्ही बोलतो, आणि बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालतो. मध्यम व्यायाम ओळखायची ही साधी खूण आहे, त्याला बँड लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा व्यायाम सांगते. आमचे पाच दिवस गुणिले पस्तीस मिनिटं त्यात बसतात. दिवाळीत तलावपाळीला आणि राम मारुती रोडला पहाटेची गर्दी होती, तेव्हा आम्ही दोघी नटून-थटून त्या गर्दीतूनच चाललो.

मुसळधार पावसात आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून चालतो. एक फेरी माझ्या १८० पावलांची आहे. कंटाळवाणं आहे, पण खाडा पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही आहे, आणि तो बँडला कळत नाही. बारा सूर्यनमस्कार घातले, खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठले-बसले, तरी आकडा जेमतेम हलतो. बँडच्या नादी लागून मी पहिले चार महिने हे केलंच नाही, याची खंत आहे. आता मंगळवार-शुक्रवार करते. महिन्यातल्या एखाद्या रविवारी उपवनहून येऊरच्या गेटपर्यंत चढतो, तिथे पूर्वी दोनदा थांबावं लागायचं, आता एकदाही नाही.

नोव्हेंबरात एचबीएवनसी ५.८ आलं. सगळं श्रेय चालण्याला देणार नाही, रात्रीचा भात आणि दुपारच्या चहातली साखरही कमी केली आहे.

दुसरा बँड घ्यायची वेळ आली तर घेईन का? घेईन, एका गोष्टीसाठी. तासभर बसून राहिलं की तो मनगटावर थरथरतो. ऑफिसात त्यामुळे मी दिवसातून सहा-सात वेळा उठते, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवलीय. हे दहा महिन्यांत एकदाही जुनं झालं नाही. पण लक्ष्य पहिल्याच दिवशी कमी करीन आणि साखळीच्या सूचना बंद करीन. ज्यांना फक्त चालायला सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी महिनाभर हिरवं पेन वापरून बघावं, पैसे नंतर खर्च करावेत.

जानेवारीत आजपर्यंत चार खाडे आहेत, त्यातले दोन हळदीकुंकवाच्या तयारीचे.