जोनी मिचेल: आधी 'हिसिंग' ऐकू की 'हेजिरा'?

कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तिचा १९७१ चा अल्बम 'ब्लू' आवडला, आता पुढे काय, असं विचारलं की बहुतेक जण १९७६ चा 'हेजिरा' सांगून मोकळे होतात. चूक काहीच नाही त्यात, पण या नादात त्याच्या आदल्या वर्षीचा 'द हिसिंग ऑफ समर लॉन्स' बाजूला पडतो तो पडतोच.

त्याला समीक्षकांचाही हातभार आहे. १९७४ चा 'कोर्ट अँड स्पार्क' तुफान चाललेला, सगळ्यांना तसलाच अजून एक हवा होता, आणि बाईंनी आणलं काय, तर आफ्रिकेतल्या बुरुंडीचे ढोल, त्यावर मूग कंपनीचा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक वाद्य), आणि स्वतःचं दुःख सोडून भलत्याच बायकांच्या गोष्टी, पैसेवाल्या घरांत घुसमटणाऱ्या. 'रोलिंग स्टोन' मासिकात समीक्षक स्टीफन होल्डनने शब्दांचं कौतुक केलं पण संगीत पोकळ ठरवलं, चालीच नाहीत म्हणे. अल्बम आपटला वगैरे नव्हता हां, अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेला, 'हेजिरा' तेराव्यावर थांबला. आणि पॉपस्टार प्रिन्ससारखा माणूस याच्यावर फिदा होता!

चाली नाहीत हे तर मला अजिबात पटत नाही. यातलं 'एडिथ अँड द किंगपिन' जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने २००७ मध्ये गायिका टीना टर्नरकडून गाऊन घेतलं ते ऐका आणि मग सांगा. किंवा 'हॅरीज हाऊस' घ्या, नवरा कामानिमित्त विमानाने शहरात उतरतो, टॅक्सी, उंच इमारती, मीटिंगा, आणि मधेच गाणं अलगद 'सेंटरपीस' नावाच्या जुन्या जॅझ गाण्यात घसरतं, सगळं कसं गोडगोड, आणि तिथून परत येतं तेव्हा बायको त्याला सुनावत असते की तुझं घर नि तुझा पगार घाल चुलीत. चाल नसती तर हा वळसा जमला असता का?

'हेजिरा' वेगळाच. मेनपासून लॉस एंजेलिसपर्यंत एकटीने गाडी चालवत येताना यातली बरीच गाणी सुचली आणि ते ऐकताना कळतंच. गिटार, रस्ता आणि चार गाण्यांत जाको पास्टोरियसचा फ्रेटलेस बास (पडदे नसलेली बास गिटार), जो नुसता साथीला न थांबता तिच्याशी गप्पा मारतो. 'अमेलिया'त तर बासही नाही, तरी जीव तिथेच अडकतो. तक्रार एकच, सलग ऐकलं की गाणी एकमेकांत मिसळतात आणि आठ मिनिटांहून मोठं 'साँग फॉर शेरॉन' पेशन्स बघतं.

तर 'ब्लू'मधलं ते "मी, माझं" आवडलं असेल, रात्रीचा लांबचा प्रवास असेल, तर सरळ 'हेजिरा' लावा. जॅझची थोडी सवय असेल, स्टीली डॅनसारखे जॅझकडे झुकणारे रॉक बँड वगैरे ऐकत असाल तर माझं मत 'हिसिंग'ला, फक्त दुसरं गाणं 'द जंगल लाईन' पहिल्या फेरीत सोडून दिलंत तरी चालेल, तिथेच लोक पळतात. स्पॉटिफायवरून तिने २०२२ मध्ये सगळं काढून घेतलं होतं, पण २०२४ पासून दोन्ही अल्बम परत आलेत.